गुरुवारचा चौकोन

दर रविवारी संध्याकाळी मी आठवडा छापतो.
सात चौकोन एका ओळीत,
तापमान, वारा, दमटपणा,
आणि खाली एकच शब्द: निरभ्र.
फुजैराच्या पाठीमागे, खडीच्या खाणीच्या फाटकावर
चार कोपऱ्यांना टेप लावून डकवतो.
दिलमान म्हणतो, साहेब, कागद तोच ठेवा,
तारखा तेवढ्या बदला.

या खेपेला गुरुवारात वेगळं आलं:
दुपारनंतर पूर्वेला ढग, पावसाची शक्यता तीस टक्के.
कुरियाकोस फोरमनने चष्मा कपाळावर सरकवला.
तीस म्हणजे काय? पडणार की नाही?
सुरुंग भरू की नको?
मी म्हटलं, असे दहा गुरुवार आले
तर तिघांत पडेल.
तो म्हणाला, माझ्याकडे एकच आहे.

मग चहाच्या सुट्टीत, डंपरच्या सावलीत,
पत्र्यावर खडूने मी ढग काढून दाखवला.
हा डोंगर. पहाटेपासून तापतोय.
इकडून ओमानच्या समुद्राचा वारा, ओला.
तिकडून वाळवंट तुडवत दुसऱ्या समुद्राचा.
दोघं कड्यावर समोरासमोर येतात
बांधावर भाऊबंद यावेत तसे,
मागे कोणीच सरत नाही,
म्हणून दोघंही वर जातात.
वर गारवा. वाफेचं पाणी होतं,
आणि होता होता ती पोटातली ऊब सोडते,
त्या उबेवर ढग आणखी चढतो.
(इथे मी दर वेळी थांबतो.
निवता निवता चढायचं, हे मला अजून नीट पचलेलं नाही.)
चढतो, चढतो, आभाळाच्या माळ्याला डोकं टेकेपर्यंत.
मग डोकं चपटं होऊन पसरतं, लोहाराच्या ऐरणीसारखं.
आत गारा बर्फावर घासतात, वीज साठते,
आणि ज्या वाऱ्याने पाणी वर नेलं
त्यालाच ते पेलवेनासं होतं.

दिलमानने विचारलं, मग आपल्यावर पडेल?
मी खडू खिशात घातला.

जरवलीने पत्र्याकडे पाहिलंच नव्हतं.
एकवीस वर्षं या वादीतून खडी वाहतोय,
वाचता येत नाही, फाटकावरचा कागद त्याला जाळीसारखा दिसतो.
म्हणाला, पाणी वरून येत नाही. बाजूने येतं.
आणि बुधवारी रात्रीच आपला डंपर चढावर नेऊन लावला.

गुरुवारी दोनला कड्यावर मूठभर कापूस.
तीनला फ्लॉवरचा गड्डा, कडा उन्हात चमकणाऱ्या.
चारला ऐरण. तिच्या पोटात कुणी दिवा लावी, विझवी.
आमच्या डोक्यावर रखरखीत ऊन.
मी पर्जन्यमापक उलटा करून पाहिला,
एक मेलेली माशी पडली.

पाच वाजून दहा मिनिटांनी वादी बोलू लागली,
रिकामी पिंपं जिन्यावरून गडगडावीत तशी.
मग ते आलं, चहाच्या रंगाचं,
पुढे बाभळीच्या काटक्या, एक निळी चप्पल,
कुणाचीतरी अख्खी प्लास्टिकची टाकी,
लख्ख उन्हात, एका थेंबाशिवाय.
माणसं चढावर पळाली, मोजली, पुरी भरली.
वजनकाट्याची केबिन गेली, दोन डंपर गेले.
कुरियाकोस ओरडत होता, कुठल्या भाषेत ते पाण्यात ऐकू आलं नाही.

रात्री अहवालात रकाना होता:
प्रत्यक्ष पाऊस, खाण परिसर.
मी लिहिलं, शून्य पूर्णांक शून्य मिलिमीटर.
लिहिलेलं खरं होतं.
फाटकावर चिखलाची रेघ छातीएवढी,
सात चौकोनांच्या चार बोटं खाली.

रविवारी नवा कागद लावताना
जरवलीने जुना मागून घेतला. नान गुंडाळायला.
दुपारी पाहिलं, मांडीवर उलगडून जेवत होता,
गुरुवारवर तूप सांडलेलं.
तेवढाच चौकोन पारदर्शक झाला होता.
त्याने कागद उन्हाकडे धरला,
माझ्याकडे बघून हसला,
आणि उरलेला तुकडा पुढे केला.